प्रस्तावलेखनाची भाषा दोन दिवसांत: सांगलीतील एका कार्यशाळेचे परीक्षण

ऑगस्ट २०२५ मध्ये, श्रावणातला एक शनिवार आणि रविवार सांगलीत विश्रामबागेतील एका सभागृहात बसून, मी अनुदान व प्रस्तावलेखनातील संज्ञांची ओळख करून देणारी कार्यशाळा पूर्ण केली. शुल्क माणशी १,८०० रुपये होते. त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, चहा, ६४ पानांची शब्दसूची-पुस्तिका आणि कार्यशाळेनंतर प्रत्येक संस्थेचे एक संकल्पना-टिपण तपासून देण्याची हमी एवढे सगळे धरलेले होते. आयोजकांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवा सांगायच्या आहेत आणि त्या या एकाच आयोजकांपुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

जत तालुक्याच्या पूर्व भागात काम करणाऱ्या एका लहान नोंदणीकृत संस्थेचा मी सचिव आहे. गेल्या सहा वर्षांत आम्ही सात प्रस्ताव पाठवले आणि त्यांपैकी दोन मंजूर झाले. नाकारलेल्या एका प्रस्तावाच्या उत्तरात निधी देणाऱ्यांकडून एकच ओळ आली होती: तुमच्या आउटकमच्या रकान्यात आउटपुट लिहिलेले आहेत. ती ओळ मी कार्यकारिणीच्या सभेत वाचून दाखवली, तेव्हा अध्यक्षांनी विचारले, “सचिव, म्हणजे नेमके काय चुकले?” मला उत्तर देता आले नाही. तो प्रस्ताव लिहिताना मी दोन्ही रकाने भरले होते ते एकाच समजुतीने, की चांगले झालेले जे काही सांगायचे आहे ते दोन ठिकाणी विभागून लिहायचे. कार्यशाळेला जाण्याचे कारण एवढेच.

पुस्तिकेपासून सुरुवात करतो, कारण शेवटी घरी राहते ती तीच. सुमारे १३० संज्ञा इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या असून प्रत्येकीपुढे मराठी प्रतिशब्द आणि दोन-तीन ओळींचे स्पष्टीकरण दिले आहे. कागद चांगला आहे, अक्षर मोठे आहे आणि समासात लिहायला भरपूर जागा सोडली आहे. प्रतिशब्दांच्या बाबतीत मात्र कोणीतरी शब्दकोश पुढ्यात घेऊन काम उरकलेले दिसते. ‘स्टेकहोल्डर’ या शब्दापुढे ‘भागधारक’ असे छापले आहे. ज्या जिल्ह्यात भागधारक म्हणजे साखर कारखान्याचा शेअर ज्याच्या नावावर आहे आणि ज्याला दिवाळीला सवलतीची साखर मिळते तो माणूस, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तिथे अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांना प्रकल्पाचे भागधारक म्हटले की काय होणार, ते लगेच झाले. माझ्या शेजारी बसलेल्या कवठेमहांकाळच्या एका गृहस्थांनी “मग लाभांश कधी वाटायचा?” असे विचारून सभागृह हसवले. ‘संबंधित घटक’ एवढे साधे शब्द पुरले असते. याहून गंभीर घोटाळा म्हणजे पुस्तिकेत ‘आउटकम’साठी एका पानावर ‘निष्पत्ती’, दुसऱ्या पानावर ‘परिणाम’ आणि ‘इम्पॅक्ट’साठीही ‘परिणाम’ असाच शब्द आहे. ज्या फरकासाठी आमचा प्रस्ताव परत आला, तो फरक मराठीत आणताना पुस्तिकेने पुसून टाकला आहे.

सुदैवाने पहिल्या दिवशी शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवली. निधी देणाऱ्यांच्या बाजूला बसून अनेक वर्षे प्रस्ताव वाचलेल्या त्या बाई असल्यामुळे त्यांचा प्रत्येक मुद्दा ‘हे वाचणाऱ्याला काय दिसते’ इथून सुरू होत होता. सकाळचा पहिला तास कोणत्या कागदाला काय म्हणतात यात गेला. स्वारस्यपत्र म्हणजे आम्हाला यात रस आहे एवढेच कळवणे, संकल्पना-टिपण म्हणजे दोन-तीन पानांत कल्पना आणि अंदाजे रक्कम, आणि पूर्ण प्रस्ताव म्हणजे अंदाजपत्रकासह सगळा दस्तऐवज, हे बहुतेकांना आधीच माहीत होते. त्यातली एक गोष्ट मात्र मी वहीत अधोरेखित केली. ‘आरएफपी’, म्हणजे प्रस्ताव मागवणारे पत्र, म्हणून जे येते ते बहुधा अनुदान नसते, काम करून देण्याचा करार असतो. काम त्यांनी ठरवलेले असते, आपण दर सांगायचा असतो आणि त्या पैशाला कराच्या हिशेबात देणगी म्हणता येईलच असे नाही. आमच्या भागातल्या दोन संस्थांनी अशा करारात उडी घेऊन नंतर जीएसटीच्या नोटिशीला तोंड दिले आहे, त्यामुळे या मुद्द्यावर दहा मिनिटे जास्त मिळायला हवी होती.

मग आला त्या दिवसाचा खरा पाठ. मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिले: ‘१२० महिलांना शेळीपालनाचे प्रशिक्षण दिले.’ हे काय आहे, असे त्यांनी विचारले. निम्म्या सभागृहाने आउटकम म्हटले, मीही म्हटले. “प्रशिक्षण देणे ही कृती आहे. १२० जणी शिकून बाहेर पडल्या हा आउटपुट आहे, तो तुमच्या हजेरीपटावर दिसतो. आता मला सांगा, त्यामुळे काय झाले?” कोणी म्हणाले, महिलांचे सक्षमीकरण झाले. त्यांनी मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. कोणी म्हणाले, आत्मविश्वास वाढला. पुन्हा तोच प्रश्न. मागच्या रांगेत आटपाडी तालुक्यातील एक पशुसखी, म्हणजे गावातील जनावरांची प्राथमिक देखभाल करणारी प्रशिक्षित महिला, बसल्या होत्या, त्या इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “मॅडम, पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यायला लागल्या बाया. त्या वर्षी करडांची मरतूक कमी झाली.” मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, दोन्ही आउटकमच तुम्ही एका दमात सांगितलेत.” लस टोचून घेण्याची सवय लागणे हा जवळचा बदल, मरतूक कमी होणे हा त्याच्या पुढचा. आणि तीन-चार वर्षांनी त्या घराचे सावकाराकडचे कर्ज कमी झाले किंवा पोरीची शाळा सुटली नाही, तर तो इम्पॅक्ट, पण त्याचे सगळे श्रेय एकट्या प्रशिक्षणाला घेता येत नाही, कारण मधल्या काळात पाऊस, बाजारभाव आणि लाडकी बहीण असे बरेच काही घडलेले असते.

हा अर्धा तास १,८०० रुपयांना पुरून उरला. आउटपुट आपल्या हातात असतो, आउटकम दुसऱ्या माणसाच्या वागण्यात किंवा परिस्थितीत दिसतो आणि इम्पॅक्टवर आपल्याबरोबर अनेकांचा हात असतो, ही मोजपट्टी घेऊन मी त्याच संध्याकाळी आमचा परत आलेला प्रस्ताव उघडला. आउटकमच्या रकान्यातील नऊपैकी आठ वाक्यांची क्रियापदे ‘दिले’, ‘घेतले’, ‘वाटले’ आणि ‘आयोजित केले’ अशी निघाली. कर्ता सगळीकडे आमची संस्था.

जेवण साधे आणि चांगले होते. दुपारच्या चहाबरोबर सांगलीचा भडंग ठेवला होता, तो पहिल्या पाच मिनिटांत संपला, याची आयोजकांनी पुढच्या तुकडीसाठी नोंद घ्यावी.

दुपारी तर्कचौकट, म्हणजे ज्याला सगळे लॉगफ्रेम म्हणतात ती, शिकवली. अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेसाठी १९६९ मध्ये ही पद्धत तयार झाली आणि पुढे जगभरच्या निधी देणाऱ्यांनी ती उचलली. उभ्या चार पायऱ्या आणि आडवे चार रकाने असा तो सोळा घरांचा तक्ता असतो. पायऱ्यांवर खालून वर कृती, आउटपुट, उद्देश (म्हणजे आउटकम) आणि ध्येय (म्हणजे इम्पॅक्ट) येतात. रकान्यांत वर्णन, सूचक, पडताळणीचे साधन आणि गृहीतके येतात. सूचक आणि पडताळणीचे साधन यांत लोक नेहमी गल्लत करतात, आणि इथे मॅडमनी सांगलीकरांना पटेल असे उदाहरण घेतले. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी. पाण्याची उंची हा सूचक, ४५ हा त्याचा ठरवून दिलेला आकडा, आणि पुलावर रंगवलेली फुटांची पट्टी हे पडताळणीचे साधन. पट्टीच नसेल तर ‘पाणी खूप वाढले’ एवढेच म्हणता येते, आणि ‘खूप’ या शब्दावर कोणी गाव रिकामे करत नाही. २०१९ चा महापूर अंगावर घेतलेली माणसे समोर बसलेली असल्यामुळे पुढचे स्पष्टीकरण करावेच लागले नाही. याच धाग्यात बेसलाइन म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीची नोंद आणि एंडलाइन म्हणजे संपल्यानंतरची, हेही सहज येऊन गेले. आमच्याकडे पहिल्या प्रकल्पात मरतुकीची बेसलाइन नव्हती. ‘मरतूक कमी झाली’ हे आम्हाला माहीत होते, पण किती होती हेच लिहून ठेवलेले नसल्याने ते कागदावर सिद्ध करता येत नव्हते.

गृहीतकांच्या रकान्याबद्दल सांगितलेली गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटली. बहुतेक संस्था तिथे ‘ग्रामस्थांचे सहकार्य मिळेल’ असे लिहून मोकळ्या होतात. सहकार्य मिळवणे हे तर आपलेच काम आहे, मग ते गृहीतक कसे? जे आपल्या हातात नाही आणि बिघडले तर प्रकल्प बिघडतो, तेच तिथे यायला हवे. पशुवैद्यकीय दवाखान्यात लस वेळेवर उपलब्ध होईल, सलग दोन वर्षे दुष्काळ पडणार नाही, चाऱ्याचा भाव अमुक पलीकडे जाणार नाही, अशा गोष्टी. जतसारख्या तालुक्यात दुसरे गृहीतक लिहिताना हात थरथरतो, आणि तो थरथरला पाहिजे, कारण मग चाऱ्याची पर्यायी सोय अंदाजपत्रकात आपोआप येते.

दिवसाचा शेवट मात्र घसरला. ‘थिअरी ऑफ चेंज’साठी, म्हणजे आपल्या कामातून बदल कसा घडेल याच्या मांडणीसाठी, पाऊण तास ठेवला होता आणि तो पडद्यावरची इंग्रजी वाक्ये वाचण्यात गेला. १९८१ पासून प्रचलित असलेली स्मार्ट उद्दिष्टांची (ठोस, मोजता येणारी, साध्य, वास्तववादी, कालबद्ध) पाच अक्षरे इतक्या वेळा ऐकलेली आहेत की ती वगळली असती तरी चालले असते. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे मूल्यमापनाचे निकष आता सहा आहेत, १९९१ च्या मूळ पाचांत २०१९ मध्ये सुसंगती या निकषाची भर पडली, हे बरोबर सांगितले गेले, पण त्यांतल्या ‘सस्टेनेबिलिटी’ या एकाच शब्दावर आमच्यासारख्यांचे प्रस्ताव पडतात, तिथे थांबायला वेळ उरला नव्हता. पुस्तिकेत तिला ‘शाश्वतता’ म्हटले आहे आणि वाचणाऱ्याला झाडे लावणे आठवते. प्रस्तावात तो प्रश्न अगदी रोखठोक असतो: आमचा पैसा बंद झाल्यावर हे काम कोण चालवणार आणि कशावर? गावोगावच्या नळपाणी योजना आठवाव्यात. टाकी बांधली, जलवाहिनी टाकली, उद्घाटन झाले, आणि पाणीपट्टी वसूल न झाल्यामुळे पंपाचे वीजबिल थकून योजना बंद पडली. तिथे टाकी हा आउटपुट होता, आणि वीजबिल भरायची सोय ही सस्टेनेबिलिटी होती. हे उदाहरण चहाच्या वेळी आमच्यापैकीच एकाने दिले, व्यासपीठावरून आले नाही.

दुसरा दिवस पैशाचा. नऊची वेळ असून सुरुवात पावणेदहाला झाली. विटा आणि शिराळ्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या लोकांसमोर ‘थोडी वाट पाहू’ असे म्हणणे शोभले नाही.

निधीच्या प्रकारांची मांडणी चांगली झाली. मराठीत आपण सगळ्याला निधी म्हणतो आणि तिथेच फसतो. विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा त्याच कामावर खर्चावा लागतो, अनिर्बंध निधी संस्थेच्या उद्दिष्टांत बसेल तिथे वापरता येतो, आणि कॉर्पस म्हणजे कायमनिधी जपून गुंतवायचा असतो. देणगीदाराने ‘ही रक्कम कायमनिधीसाठी आहे’ असे स्पष्ट लेखी कळवले असेल तरच ती कायमनिधीत धरता येते. नाहीतर ती त्या वर्षाचे उत्पन्न होते आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम संस्थेच्या कामावर लावण्याचा प्राप्तिकराचा नियम तिला लागू होतो. एका जुन्या वाचनालयाच्या कोषाध्यक्षांनी इथे डोक्याला हात लावला. त्यांच्याकडे एका माजी विद्यार्थ्याने दिलेली मोठी रक्कम अशीच, केवळ फोनवर बोलून, कायम ठेवीत टाकलेली होती.

आता कार्यशाळेचा सर्वांत मोठा दोष. पुस्तिकेच्या पान ५१ वर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ओव्हरहेड’ या संज्ञेपुढे ‘प्रशासकीय खर्च, हा ५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये’ असे बिनदिक्कत छापले आहे आणि रविवारी सकाळी शिकवणाऱ्या तरुण प्रशिक्षकांनी तेच वाक्य वाचून दाखवले. हे ५ टक्के कोणाचे? कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ज्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर (सीएसआर) खर्च करावी लागते, त्या कंपन्यांच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या सामान्य व्यवस्थापनखर्चावर ती ५ टक्क्यांची मर्यादा आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च तीत मोजलाच जात नाही. परदेशी निधीचा नियम वेगळा आहे. एफसीआरए कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि ती निधी घेणाऱ्या संस्थेलाच लागू आहे. इतर निधीसंस्था आपापले आकडे ठरवतात आणि ते त्यांच्या सूचनापत्रात लिहिलेले असतात. मी उभा राहून हे विचारले, तेव्हा “साधारण ५ टक्के धरून चला, सुरक्षित राहता” असे उत्तर मिळाले.

ते सुरक्षित नाही, आणि यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण याच ‘सुरक्षित’ सवयीने लहान संस्था आतून पोखरल्या जातात. आमच्या दहा लाखांच्या प्रकल्पात ५ टक्के म्हणजे ५०,००० रुपये, वर्षाचे. त्यात हिशेब लिहिणाऱ्या ताईंचे मानधन, लेखापरीक्षणाची फी, कार्यालयाचे भाडे आणि वीज बसवायची. बसत नाही, म्हणून आम्ही हिशेबाच्या कामाचे मानधन ‘क्षेत्रीय समन्वय’ या नावाखाली दाखवत आलो, आणि त्या ताई दर तीन महिन्यांनी अहवाल देताना स्वतःच्या कामाचे खोटे वर्णन लिहीत आल्या. योग्य रीत अशी की जो खर्च प्रकल्पाशी थेट जोडता येतो तो प्रत्यक्ष खर्चात घ्यावा, उदाहरणार्थ प्रकल्प-लेखापालाच्या वेळेचा ठरावीक हिस्सा, आणि तो हिस्सा कसा काढला ते अंदाजपत्रकाच्या टिपणात लिहावे. उरलेलाच अप्रत्यक्ष खर्च. ‘बजेट नॅरेटिव्ह’ या संज्ञेचे काम नेमके हे आहे, पण तिला पुस्तिकेत एक ओळ मिळाली आहे आणि व्याख्यानात तीही नाही.

संस्थेचा स्वतःचा वाटा, म्हणजे मॅचिंग, हा भाग त्या मानाने रंगला, कारण ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. जलस्वराज्य प्रकल्पातील १० टक्के लोकवर्गणी आठवणारे निदान दहा जण सभागृहात होते. वस्तुरूप किंवा श्रमरूप वाट्याला मोल लावता येते, एवढेच ज्यांना नवीन होते त्यांच्यासाठी श्रमदानाचे उदाहरण घेतले. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ ची पहिली वॉटर कप स्पर्धा जिंकली, ती गावकऱ्यांच्या घामावर. असे श्रम प्रस्तावात दाखवायचे असतील तर रोजची हजेरी, कामाचे तास, लावलेला दर आणि तो दर कुठून घेतला, हे चारही कागदावर हवे. दर म्हणून त्या वर्षीचा रोजगार हमीचा दर घेतला तर कोणी हरकत घेत नाही. ‘गावाने श्रमदान केले, अंदाजे किंमत दोन लाख’ असे लिहिले तर लेखापरीक्षक ती ओळ खोडतो.

दुपारी आलेल्या सनदी लेखापालांचे सत्र हे रविवारचे सार. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, त्या टप्प्याला ट्रांच म्हणतात, आणि पुढचा टप्पा मागच्या टप्प्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असतो, एवढी प्रस्तावना करून ते थेट गोंधळांकडे वळले. पहिला गोंधळ ‘ट्वेल्व्ह ए’चा. प्राप्तिकराच्या जुन्या कलमामुळे संस्थेच्या करमाफीच्या नोंदणीला सगळे १२ए म्हणतात. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मध्ये अनुदान घेणाऱ्या संस्थांच्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या नमुन्याचा क्रमांकही १२-ए आहे. ‘१२-ए सादर करा’ असे पत्र आल्यावर एका संस्थेने नोंदणीचे प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा पाठवले आणि तिकडून पुन्हा पुन्हा तेच पत्र आले, असे त्यांनी हसत सांगितले. माझ्या पुढच्या बाकावरचे एक सचिव हसले नाहीत.

दुसरा शब्द पुनर्विनियोजन, म्हणजे खर्चाच्या एका शीर्षाखालचा पैसा दुसऱ्या शीर्षाखाली वापरणे. याची किंमत आम्ही मोजलेली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एका अनुदानात प्रशिक्षणसाहित्याचे ३८,००० रुपये शिल्लक राहिले आणि प्रवासखर्च तेवढाच जास्त झाला. एकूण बेरीज जुळत असल्याने मी निर्धास्त होतो. मंजुरीपत्रातील शीर्षाबाहेरचा खर्च पूर्वपरवानगीशिवाय केला म्हणून ती रक्कम परत मागितली गेली, आणि ती आम्ही सभासदांच्या वर्गणीतून भरली. एक पानाचे परवानगीचे पत्र वेळेत लिहिले असते तर हे टळले असते. वेळ कमी पडत असेल तर जादा पैसे न मागता मुदत वाढवून घेण्यालाही स्वतंत्र नाव आहे, ‘नो-कॉस्ट एक्स्टेन्शन’, आणि तेही काम संपायच्या आधी मागायचे असते, हे मला त्या दिवशी कळले.

कायदेशीर संज्ञांत पुस्तिका उघड मागे पडली आहे. तिच्यात १२ए नोंदणी ‘कायमस्वरूपी’ असल्याचे छापले आहे. १ एप्रिल २०२१ पासून ती व्यवस्था राहिलेली नाही. जुन्या संस्थांनाही १२एबी (करमाफीचे नवे कलम) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारे कलम) खाली नव्याने पाच वर्षांची नोंदणी घ्यावी लागली, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी करायचा असतो. ज्यांची मुदत मार्च २०२६ अखेर संपत होती त्यांच्यासाठी ती तारीख ३० सप्टेंबर २०२५ होती, म्हणजे आम्ही तिथे बसलो होतो तेव्हा जेमतेम काही आठवडे उरले होते. लेखापालांनी हे सांगताच चार-पाच जण मोबाइल घेऊन बाहेर पळाले. ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना १२एबी आता दहा वर्षांसाठी मिळू शकते, तरी ८०जी पाचच वर्षांची आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांकही वेगळे आहेत, हेही त्यांनीच सांगितले. कंपन्यांकडून सीएसआर निधी घेण्यासाठी सीएसआर-१ नोंदणी लागते, सरकारी योजनांसाठी नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी-पोर्टलचा क्रमांक लागतो, आणि ‘ड्यू डिलिजन्स’ नावाच्या तपासणीत सर्वांत आधी पाहिले जाते ते धर्मादाय कार्यालयाचे परिशिष्ट १, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांची अधिकृत नोंद. त्यावर वारलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या विश्वस्तांची नावे अजून असतील आणि बदल अर्ज ९० दिवसांत दाखल केलेला नसेल, तर प्रस्ताव कितीही सुंदर असला तरी तो तिथेच थांबतो. आमच्या परिशिष्टावर २०१७ मध्ये वारलेल्या उपाध्यक्षांचे नाव अजूनही आहे. अर्ज दाखल आहे, निकाल यायचा आहे.

कार्यशाळेनंतर संकल्पना-टिपण १५ दिवसांत तपासून मिळेल असे सांगितले होते, ते पाच आठवड्यांनी मिळाले, आणि त्यासाठी दोनदा फोन करावा लागला. आलेला शेरा मात्र वाट पाहण्यासारखा होता. मी ‘महिलांमध्ये लसीकरणाबाबत जनजागृती निर्माण होईल’ असे लिहिले होते. त्याच्या बाजूला मॅडमनी लाल शाईत विचारले होते: ‘जागृती कुठे मोजणार? लसीकरणाच्या नोंदवहीत की बाजारच्या दिवशी?’ आता तिथे ‘प्रकल्पातील १२० पैकी किमान ९० कुटुंबे दरवर्षी मे महिन्यात आंत्रविषाराची लस टोचून घेतील, पडताळणी: पशुसखीची नोंदवही’ असे वाक्य आहे.

ज्यांनी आजवर एकही प्रस्ताव लिहिलेला नाही, त्यांच्यापेक्षा ज्यांचा निदान एक प्रस्ताव परत आलेला आहे त्यांना ही कार्यशाळा जास्त लाभेल, आणि तो परत आलेला प्रस्ताव व शेवटचे मंजुरीपत्र बरोबर घेऊनच जावे. केवळ पुस्तिका विकत मिळत असेल तर ती घेऊ नये. आयोजकांनी पहिल्या दिवसाच्या मॅडम आणि दुसऱ्या दिवसाचे लेखापाल यांच्याकडूनच ती पुन्हा लिहून घ्यावी, इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवाव्यात आणि प्रत्येकीखाली एक शेळी, एक टाकी किंवा एक पावती असे उदाहरण द्यावे.

पुढच्या तुकडीला आमच्या हिशेब लिहिणाऱ्या ताई जाणार आहेत. त्यांना पुस्तिकेची नवी प्रत मिळेलच, तरी मी माझी त्यांच्याकडे दिली आहे, कारण तिच्यात ‘भागधारक’ खोडलेला आहे, आणि पान ५१ वरच्या ‘५ टक्क्यां’समोर समासात पेन्सिलीने ‘कोणाचे?’ असे लिहिलेले आहे.